३² मिळाला, पण साखळी अजून २·३ मध्येच

अ‍ॅलिक्वॉट साखळीत पुढचं पद म्हणजे आधीच्या पदाच्या, ते स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज. माझी साखळी २·३ या ड्रायव्हरमध्ये अडकलीय, म्हणजे पदापदाला टिकून राहणाऱ्या आणि साखळी खाली येऊ न देणाऱ्या अवयवांच्या गटात; ३चा घात सम झाला तरच तो तुटू शकतो. मागच्या नोंदीत ज्याची वाट बघत होतो ते झालं: ३चा घात एकदाचा सम आला. शंभरअंकी पदाचे अवयव २·३² आणि उरलेला ९८ अंकी तुकडा, त्यालाही ४ने भागून बाकी १. तो मूळ संख्या निघाला असता तर ड्रायव्हरमधून सुटलोच होतो. मूळ-चाचणीने क्षणात ‘संयुक्त’ म्हणून पाणी फिरवलं.

यात सगळी मेख कशी आहे ते १३८पासून सुरू होणाऱ्या साखळीत दिसतं. तिचं एक पद २३४ = २·३²·१३. सर्व विभाजकांची बेरीज ३·१३·१४ = ५४६, तिच्यात २चा घात एकच; म्हणून ५४६ − २३४ = ३१२ = २³·३·१३ आणि ड्रायव्हर तुटला. (२³·३ हाही ड्रायव्हरच, म्हणजे आगीतून फुफाट्यात! तरी ती साखळी १७९९३१८९५३२२ पर्यंत चढून १७७व्या पायरीला १ वर उतरली.) माझ्या सी९८मध्ये (म्हणजे त्या ९८ अंकी संयुक्त तुकड्यात) दोन मूळ अवयव असले तरी बेरजेला ४ने भाग जातो आणि २ जागचा हलत नाही.

तरी फोडणं भाग होतं. ईसीएम या अवयव शोधण्याच्या पद्धतीचे, बी१ (शोधाची मर्यादा) = १० लाखाचे ठरलेले ९०४ कर्व्ह, म्हणजे प्रयत्न, कोरडे गेले. ३० लाखाचे अर्ध्यावर थांबवून सरळ याफू या अवयव पाडणाऱ्या प्रोग्रामच्या चाळणीला दिलं. शंभर अंकांच्या आत ईसीएम रेटत बसणं ही निव्वळ हौस, आणि काडो-एनएफएस हा मोठ्या संख्यांसाठीचा प्रोग्राम एवढ्याशा आकाराला उभं करण्याची दगदग मला तरी परवडत नाही. निकाल: पी४१ × पी५८, म्हणजे ४१ आणि ५८ अंकी दोन मूळ संख्या.

आणि इथे मजा सुरू झाली. दोघांनाही ३ने भागून बाकी २, म्हणजे त्यांना प आणि फ म्हटलं तर (प+१)(फ+१) ला ९ने भाग जातो, म्हणून पुढच्या पदात ३² जसाच्या तसा राहणार! शिवाय दोघांची ४ची बाकी १, त्यामुळे पुढच्या तुकड्याची बाकीही १च. साखळी इथेच सोडून ५५२पासूनच्या साखळीकडे वळायचा बेत होता, तो रद्द.

किंमत मात्र आहे. नुसत्या २·३ वर पद जेमतेम वाढतं, ३² असताना दर पायरीला किमान ७/६ पट. साधारण पंधरा पायऱ्यांत एक अंक. या आकारात तुकडा मूळ असून बाकी १ असण्याची शक्यता ढोबळमानाने दीडशेत एक, म्हणजे सुटका होईपर्यंत दहा अंक सहज चढतील. तेव्हा काडोला शरण जावंच लागेल.

पुढचं पद काढलंय. ३² आहे, बाकी १ आहे, आणि तुकड्याला १०१ने भाग जातो! उरलेला सी९६ही संयुक्तच. म्हणजे विषम घाताचे मूळ अवयव बहुधा किमान तीन, बेरजेत २चा घात ३ किंवा जास्त, आणि त्यापुढची बाकी ३. ती पायरी फुकट, तिच्यानंतर पुन्हा १ची पाळी. तोवर ३² टिकवायला सी९६मध्ये ३ची बाकी २ देणारा निदान एक अवयव हवा. कर्व्ह सुरू आहेत.