आधी मोजमाप, मग पाना

पहिली काही वर्षं आमच्या वर्कशॉपमध्ये एकच रिवाज होता. इंजिन उतरवायचं, सगळं उघडायचं, बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून मोठे करून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "आता बघायला नको." आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मामेभाऊ. तो लेथवर तयार झालेला, मी दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसून. इंजिन धूर टाकतंय म्हणजे बोअरिंग, हे कोणी शिकवलं नव्हतं. सगळे तसंच करायचे, आम्हीही करायचो.

मग एक व्हॅन आली. फोर्डची इकोनोलाइन, १९६१ पासून निघालेल्या पहिल्या पिढीतली. इंजिन १७० घनइंच, म्हणजे साधारण २.८ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर. या व्हॅनला पुढे बॉनेट नाही. इंजिन दोन सीटांच्या मधे, एका डब्याखाली. डबा उचलला की प्लग आणि कार्ब्युरेटर हाताशी येतात, पण अख्खं इंजिन काढायचं म्हटलं की डोक्यावर छप्पर. घोडी लावून टांगायला जागाच नाही.

मालक वयस्कर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. पत्रा आणि रंग त्यांनी आधीच करून घेतला होता. इंजिन "ताजंतवानं करा, नवं करू नका" एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "काका, निळा धूर बघा ना, बोअर मारावंच लागणार." ते म्हणाले, "धूर मलाही दिसतो रे. तुम्ही मोजलंत का काही?"

नव्हतं मोजलं.

दुसऱ्या दिवशी कंप्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. सहाही सिलिंडर जवळजवळ सारखे. प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं, काटा फारसा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर तेलानं कंप्रेशन चढलं असतं. शिवाय धूर निघायचा तो रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना, नाहीतर उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिल्यावर. तेल खालून नाही, वरून, व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या गाइडमधून उतरत होतं. व्हॉल्व्हची सीलं वाळून टणक झाली होती.

तरी हेड काढलंच, आणि उसन्या बोअर गेजनं सिलिंडर तपासले. टेपर, म्हणजे वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक, सगळ्यात जास्त तीन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तेव्हापासून आमची मर्यादा ठरली: पाच थाउच्या आत असेल तर वरचा न झिजलेला काठ रीमरनं काढायचा, हलकं होनिंग करायचं (आतून दगडानं घासायचं) आणि नव्या रिंगा घालायच्या. काठ तसाच राहिला तर नवी कोरी रिंग त्यावर आपटून तुटते. काकांचे मूळ पिस्टन राहिले. क्रँकला चारच मेन बेअरिंग. प्लॅस्टिगेजचा मऊ धागा मधे दाबून पाहिला, गॅप दोन थाउच्या आसपास. क्रँक ग्राइंड न करता स्टँडर्ड मापाचे बेअरिंग शेल बसवले.

या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारी नळी, वेगळा नसतो, हेडबरोबरच ओतलेला असतो. गॅस्केट गळायची भानगड नाही, पण साफ करणाऱ्याची परीक्षा. नंतरच्या एका इंजिनाचं हेड आम्ही बाहेर ब्लास्टिंगला दिलं होतं. चकचकीत होऊन आलं, आणि त्या नळीतून मूठभर रेती निघाली. तशीच राहिली असती तर थेट नव्या रिंगांवर.

काकांच्या कामात चूक झाली ती मात्र आमचीच. कॅमवर बसून व्हॉल्व्ह उचलणारे बारा लिफ्टर काढले आणि आमच्या हाताखालच्या पोरानं सगळे एका पातेल्यात रॉकेलमध्ये धुतले. लिफ्टर आणि कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा, एकमेकांवर घासून जुळलेले असतात, जोडी मोडली की एकमेकांना खातात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. गाडी आठवडाभर सुरेख चालली, मग टिकटिक सुरू झाली. उघडलं तर एक लोब चपटा. नवा कॅम, नवे लिफ्टर, सगळं आमच्या खर्चानं. या वेळी झिंक असलेलं तेल भरलं, डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलनं ऑइल पंप फिरवून आधी प्रेशर आणलं, आणि सुरू होताच दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं. आयडल अजिबात नाही. तेव्हापासून लिफ्टर अंड्यांच्या ट्रेमध्ये जातात, खाचेखाचेवर नंबर.

पोराला एक गोष्ट मात्र पटकन लागली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४; ज्याचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचे, त्याच्याबरोबर वर येणाऱ्याचे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपला (दोन्ही जरा उघडे) आणायचे. पहिल्यासाठी सहावा, पाचव्यासाठी दुसरा, तिसऱ्यासाठी चौथा. बेरीज सात. आता तो हे नव्या मुलांना स्वतःचा शोध असल्यासारखं सांगतो.

एवढं होऊनही व्हॅन चढाला ओढेना. दोन दिवस टायमिंगशी झटापट केली. या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनाचा ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडायची सोय) नसतोच, सगळा ॲडव्हान्स कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्युमवर. पूर्वी कोणीतरी कार्ब्युरेटर दुसराच बसवला होता, तो योग्य इशारा देतच नव्हता. जोडीचा मिळवला आणि गाडी मोकळी झाली. इंजिन उघडायच्या आधी हे बघायला हवं होतं, अजूनही हसू येतं.

त्या कामात पैसे सुटले नाहीत. पण काकांनी मागितला म्हणून मापांचा कागद लिहून दिला होता. तो बघून पुढची दोन गिऱ्हाइकं आली. आता उघडण्याआधीचं आणि उघडल्यानंतरचं माप दिल्याशिवाय आम्ही खर्चाचा आकडा सांगत नाही. काहींना हे चालत नाही, फोनवरच आकडा हवा असतो. ती कामं जातात. बोअरिंग आम्ही अजूनही बाहेर करून घेतो. एकदा तिथल्या कारागिरानं न विचारता ब्लॉक चाळीस थाउ मारून ठेवला आणि पिस्टन आले तीसचे. तो ब्लॉक अजून माळ्यावर आहे.

सध्या स्टँडवर दोन सहा-सिलिंडर आहेत. एकाचं टेपर नऊ थाउ निघालं, त्याला बोअर मारावंच लागेल. पिस्टन यायचेत, तोवर ब्लॉकला तेल लावून गोणपाटाखाली झाकून ठेवलाय.