तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

प्रवासाच्या आदल्या दिवशी विमान कंपनीचा ईमेल आला. उद्याची तुमची फ्लाइट आमच्या वतीने अमुक कंपनी चालवेल, एवढाच मजकूर. फ्लाइट नंबर, वेळ, टर्मिनल, पीएनआर सगळं तेच. त्या दुसऱ्या कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईने ईमेल वाचला आणि विचारलं, "म्हणजे विमान नक्की कुणाचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. ती संध्याकाळ मी त्याचं उत्तर शोधण्यात घालवली, आणि पुढे त्याचा चांगला उपयोग झाला.

भाड्याचं विमान ही मुळात काही विशेष गोष्ट नाही. जगातल्या प्रवासी विमानांपैकी जवळपास निम्मी भाडेपट्ट्यावरच आहेत. त्यातल्या बहुतेक वेळा लीजिंग कंपनी नुसतं विमान देते. रंग, पायलट, क्रू, देखभाल सगळं तिकीट विकणाऱ्या कंपनीचं असतं, आणि प्रवाशाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. माझ्या वाट्याला आला तो दुसरा प्रकार, वेट लीज. यात विमान ड्रायव्हरसकट घेतलेल्या गाडीसारखं येतं: विमान, पायलट आणि केबिन क्रू, देखभाल आणि विमा, सगळं देणाऱ्याचं. घेणारी कंपनी उड्डाणाच्या तासांवर पैसे मोजते. इंधन, विमानतळाचे आकार, खाणंपिणं तिच्याकडे. मधला एक प्रकार डॅम्प लीजचा, त्यात पायलट त्यांचे आणि केबिन क्रू पूर्ण किंवा थोडा आपल्या कंपनीचा. इंडिगोने २०२३ पासून टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ आणि २०२५ पासून नॉर्स अटलांटिकची ७८७ विमानं अशाच व्यवस्थेने घेतली, त्यामुळे हा अनुभव पुष्कळांनी नकळत घेतलेला असणार.

कंपन्या हे का करतात? गर्दीच्या हंगामात विमानं कमी पडतात, हे एक. पण मोठं कारण इंजिनांचं. २०१८ च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनांतल्या बिघाडांनी बोइंग ७८७ विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा नॉर्वेजियन या विमान कंपनीने लंडन-न्यूयॉर्क मार्गावर हाय फ्लाय कंपनीचं चक्क ए३८० हे अवाढव्य दुमजली विमान भाड्याने आणून चालवलं. मग जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की एअरबस ए३२० निओ विमानांच्या इंजिनांतल्या, धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या काही भागांत दोष असू शकतो. शेकडो विमानांची इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागली. तिकिटं तर विकलेली. मग जिथून मिळेल तिथून विमान उचलायचं.

आईला खरी काळजी सुरक्षिततेची होती. तिचं समाधान करताना मला एक गोष्ट कळली. वेट लीजमध्ये विमान देणाऱ्या कंपनीच्याच परवान्यावर उडतं, म्हणून त्याच्यावर देखरेख त्या कंपनीच्या देशाच्या विमान प्राधिकरणाची असते. तुम्ही ज्या कंपनीचं तिकीट काढलं तिचा सुरक्षेचा लौकिक इथे कामाचा नाही. उडवणाऱ्या कंपनीचंच नाव शोधायचं. युरोपियन युनियन आपल्या आकाशात बंदी असलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतं आणि ती कुणालाही बघता येते. याच यादीत एक मजेशीर तळटीप आहे: बंदी असलेल्या कंपनीने बंदी नसलेल्या कंपनीचं विमान वेट लीजवर घेतलं, तर तिला युरोपात येता येतं. म्हणजे ही व्यवस्था नेहमी खालच्या दर्जाकडेच नेते असं नाही, कधीकधी उलटंही होतं. माझ्या उडवणाऱ्या कंपनीचं नाव यादीत नव्हतं. आई म्हणाली, "ठीक आहे, पोचलास की फोन कर."

खरी भानगड सीटची. मी इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेतली, पाय लांब करता येतील अशी सीट जादा पैसे भरून घेतली होती. अ‍ॅपमध्ये माझा सीट नंबर जसाच्या तसा दिसत होता, त्यामुळे वरवर सगळं आलबेल. सीट मॅप उघडला तेव्हा एक्झिटच्या रांगा दोन घरं पुढे सरकलेल्या. विमान त्याच जातीचं असलं तरी आतली मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कुणी एकूण रांगा वाढवतं, कुणी तेरा नंबर गाळतं. नंबर तोच राहिला आणि त्याच्याखालची सीट साधी झाली.

लगेच तीन गोष्टींचे स्क्रीनशॉट काढले: सीटच्या पैशांची पावती, बुकिंगच्या वेळचा मॅप जो कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये होता, आणि नवा मॅप. विमानतळावर लवकर गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सर, सीट नंबर तर तोच आहे ना?" त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी मनापासून शोधलं, पण नव्या एक्झिट रांगा भरलेल्या होत्या. आइलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची, सीट दिली. मी एवढीच विनंती केली की माझी जादा पैशांची सीट मिळाली नाही अशी नोंद बुकिंगमध्ये टाका. ती त्यांनी टाकली. ही नोंद नंतर सोन्याच्या मोलाची ठरली.

गेटवर गेलो तर बाहेर पांढरंफटक विमान. शेपटीवर कुणाचाच लोगो नाही, नोंदणी क्रमांक ९एचपासून सुरू होणारा, म्हणजे माल्टाचा. दारापाशी उडवणाऱ्या कंपनीच्या नावाची छोटी पट्टी. आत शिरताना क्रूचा गणवेश वेगळा, पण प्रत्येक सीटच्या डोक्याशी आमच्या कंपनीच्या रंगाचं कापड वेल्क्रोने चिकटवलेलं. माझ्या सीटवरचं एका कोपऱ्यात सुटलं होतं. खाली भलत्याच निळ्या रंगाचं, घासून गुळगुळीत झालेलं लेदर आणि त्यावर आणखी तिसऱ्याच कंपनीचं उमटवलेलं बोधचिन्ह. एका विमानात तीन कंपन्या मी प्रथमच पाहिल्या. सीटच्या आर्मरेस्टमध्ये जुन्या पद्धतीचं हेडफोनचं दुहेरी भोक होतं, लावायला स्क्रीन मात्र नाही. यूएसबीच्या जागी प्लास्टिकची टोपी ठोकलेली. वायफाय नाही. अ‍ॅप अजूनही सांगत होतं की या फ्लाइटवर चित्रपट पाहता येतील. फोन पूर्ण चार्ज करून आणि वाचायला काहीतरी उतरवून घेतलं होतं म्हणून निभावलं.

वरचे कप्पे जुन्या घाटाचे होते. नव्या कप्प्यांत चाकांच्या बॅगा उभ्या कडेवर मावतात, इथे आडव्या ठेवाव्या लागत होत्या, त्यामुळे निम्म्या लोकांचं चढून होईपर्यंतच जागा संपली. मागून येणाऱ्यांच्या बॅगा दारातूनच खाली पाठवल्या. अशा वेळी पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बॅगेतून काढून जवळ ठेवायच्या असतात, त्या विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. औषधंही काढून घ्यावीत. घाईत हे कुणी सांगत नाही.

घोषणा दोन्ही कंपन्यांच्या नावाने झाली. क्रूचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि सुरक्षेचं प्रात्यक्षिक मी पाहिलेल्या बऱ्याच फ्लाइट्सपेक्षा नीट झालं. सुरक्षेचं कार्ड मात्र नेहमीचं समजून बाजूला ठेवू नका, दारं आणि एक्झिट कुठे आहेत ते या विमानाचं वेगळं असतं. आगाऊ सांगितलेलं खास जेवण मिळालं, कारण खाणं भरणं हे तिकीटवाल्या कंपनीचं काम. पण पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंची यादी अर्धी होती. माणसं म्हणून क्रू उत्तम होता. आमच्या कंपनीच्या तिकिटांबद्दल, पॉइंट्सबद्दल विचारलं की ते खांदे उडवत, आणि त्यांचा काही दोष नव्हता. ती माहिती त्यांच्याकडे नसतेच.

माझ्या पुढच्या रांगेतल्या वयस्कर जोडप्याचं नुकसान माझ्यापेक्षा फार मोठं होतं. तिकीट बिझनेस क्लासचं, आणि या विमानात बिझनेस क्लासच नाही. पुढची रांग आणि मधली सीट मोकळी, एवढंच त्यांना मिळालं. गेटवर त्यांना एक व्हाउचर देऊ केलं होतं आणि ते घेऊन गप्प बसायच्या बेतात होते. मी त्यांना नियम सांगितले. युरोपच्या नियमात खालच्या वर्गात बसवलं तर अंतरानुसार तिकिटाच्या किमतीच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परत मिळतात. १५०० किलोमीटरपर्यंत एक टप्पा, ३५०० पर्यंत साधारण दुसरा, त्यापुढे तिसरा. भारतात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासाला असेच टप्पे लावले आणि देशांतर्गत प्रवासाला करांसह तिकिटाच्या ७५ टक्के. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या २०२४ च्या नियमात तर पैसे घेऊन न दिलेली सीट किंवा वायफाय यांचेही पैसे परत करावे लागतात. काकांनी व्हाउचरचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि सही केली नाही.

निघायला उशीर झालाच. विमान आधीच्या फेरीहून उशिरा आलं होतं. नुकसानभरपाईच्या मर्यादेइतका तो नव्हता, पण शेजाऱ्याने विचारलं की भरपाई मागायची झाली तर कुणाकडे मागायची, पांढऱ्या विमानवाल्यांकडे? याचं उत्तर युरोपियन न्यायालयाने ४ जुलै २०१८ च्या निकालात देऊन ठेवलं आहे. क्रूसकट विमान भाड्याने घेतलेलं असेल तर उशिराच्या भरपाईला जबाबदार, ती फ्लाइट करायची असं ठरवणारी, म्हणजे भाड्याने घेणारी कंपनी. विमान देणारी नव्हे. तिकीटवाली कंपनी 'उडवणाऱ्यांना विचारा' म्हणाली तर तिला हेच ऐकवायचं. सामानाचं थोडं वेगळं. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तिकीट विकणारी आणि प्रत्यक्ष उडवणारी अशा दोघींवर दावा करता येतो. बॅग मोडली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार, आणि दाव्याची मुदत दोन वर्षं. व्यवहारात मी तरी तिकीटवाल्यांनाच लिहीन, त्यांच्याकडे आपला पीएनआर असतो.

नुसतं विमान बदललं म्हणून फुकटात तिकीट रद्द करता येईल का, हेही मी पाहिलं होतं. बहुतेक कंपन्यांनी विमान आणि उडवणारी कंपनी बदलण्याचा हक्क अटींमध्ये राखून ठेवलेला असतो, त्यामुळे सहसा नाही. बदल कळवणं मात्र बंधनकारक. युरोपच्या २००५ च्या नियमानुसार कोण उडवणार हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं, नंतर बदललं तर लवकरात लवकर, आणि अगदी शेवटी विमानात चढण्याआधी तरी.

घरी आल्यावर सीटच्या पैशांसाठी फॉर्म भरला. उत्तर ठरीव साच्याचं: कार्यान्वयनाच्या कारणाने विमान बदललं, विशिष्ट सीटची हमी नसते. मग त्यांच्याच अटींमधलं कलम काढलं. विशिष्ट सीटची हमी नाही हे खरं, पण पैसे भरलेल्या प्रकारची सीट देता आली नाही तर ते पैसे परत, असं त्याच पानावर खाली लिहिलं होतं. ते वाक्य, पावती, दोन्ही मॅप आणि बसल्या जागी गुडघे समोरच्या सीटला टेकलेला फोटो जोडला. काउंटरवर टाकलेल्या नोंदीचा उल्लेख पहिल्याच ओळीत केला. यावेळी माणसाने वाचलं असावं. सीटचं पूर्ण शुल्क कार्डावर जमा झालं, पॉइंट्स तर आपोआप आले होते, कारण ते फ्लाइट नंबरवर मिळतात, विमानावर नाही.

चित्रपट आणि चार्जिंगबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नाही. त्याचे वेगळे पैसे मी भरले नव्हते आणि अटींमध्ये त्याची हमीही नव्हती, म्हणून तो मुद्दा मी पुढे ताणला नाही.