इंदूर-पुणे विमानानं : अंतर किती, वेळ किती आणि सामानात काय न्यायचं नाही

आपल्या इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी पुण्यात आहे, त्यामुळे "विमानानं किती वेळ लागतो हो" हे सगळेच विचारतात. आत्ताच आईबाबांना घेऊन लग्नाला जाऊन आलो, तर लिहूनच टाकतो.

सरळ रेषेत इंदूर-पुणे साधारण ५०० किलोमीटर, आणि रस्त्यानं सेंधवा, धुळे, शिर्डी, नगर करत ६००च्या आसपास. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो पण त्यात रनवेपर्यंत जाणं, उतरल्यावर पार्किंगला लागणं सगळं आलं, प्रत्यक्ष हवेत तासभरच. छोटं एटीआर विमान असेल तर अजून थोडा वेळ धरा, त्यात चढायचं मागच्या दारानं आणि वरचे कप्पेही लहान, म्हणून बुकिंग करताना विमान कोणतं ते बघा.

पण माझं ऐकाल तर हिशोब घर ते घर करा. काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणजे दोन तास आधी पोचायचं, राजवाड्याहून एअरपोर्ट लांब नाही पण बडा गणपतीला गाडी अडकली की अडकली. तिकडे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर आलात की कॅबसाठी एअरोमॉलपर्यंत, म्हणजे शेजारच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत, जावं लागतं, ज्येष्ठ मंडळी असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, आमची आई त्यामुळे अगदी आरामात गेली. कोथरूडला जायचं तर संध्याकाळी तास-सव्वा तास सहज जातो, म्हणून दुपारी उतरणारी फ्लाइट शंभर दोनशे रुपये महाग असली तरी घ्या. एकूण पाच तास धरा. रात्रभर बसमध्ये बिजासन घाटाची वळणं खात जाण्यापेक्षा साठीच्या पुढच्यांना हेच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता महत्त्वाचं म्हणजे सामान. शेव कितीही न्या, तुपाची बरणी आणि लोणचं मात्र चेक-इन बॅगेत, नीट पॅक करून. आणि सुकं खोबरं अजिबात नको! त्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून बंदी आहे. आमच्या पुढे एक मावशी होत्या, त्यांची अख्खी बॅग काउंटरसमोर उघडली, साड्यांच्या घड्यांखालून रुखवताच्या खोबऱ्याच्या वाट्या एकेक करून बाहेर निघाल्या, बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं. खोबरं पुण्यातच विकत घ्या.

खिडकी हवी तर सकाळी उजवी घ्या, ऊन डावीकडून येतं. इंदूर सोडल्यावर थोड्याच वेळात नर्मदा दिसते, सरळ रेष ओढली तर महेश्वर अगदी वाटेवरच येतं, हवा स्वच्छ असेल तर पात्र लख्ख दिसतं, बाबा तर काचेला नाक लावूनच बसले होते.

रेल्वेचं म्हणाल तर पुण्यावरून जाणारी दौंड-इंदूर एक्स्प्रेस आहे, पण ती वसई, बडोदा, रतलाम, उज्जैन असा वळसा घेते, नऊशे किलोमीटरच्या वर होतात. इंदूर-मनमाड ३०९ किलोमीटरच्या नव्या लाइनला २०२४च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय, ती झाली की हा गुजरातचा फेरा वाचेल. तोवर घाई नसेल, सामान भरपूर असेल तर रेल्वे, नाहीतर विमानच.