फ्रंटचं काम झालं आणि स्टिअरिंग बिघडलं?

लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारा सांधा) किंवा शॉकअप बदलल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली की सगळे आधी अलाइनमेंटला पळतात. जरा थांबा. जे उघडलं होतं, ते आधी तपासा.

चाचणी सपाट रस्त्यावर घ्या. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं हा दोष नव्हे. दोन्ही टायरांत हवा सारखी करून पुढची चाकं आपसांत बदला (टायरवर दिशेचा बाण असेल तर नको). ओढही दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.

लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबत असतानाच पक्के आवळले, तर बुशचं (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचं) रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. ती बाजू थोडी उंच राहते, गाडी ओढते आणि नवा बुश लवकर फाटतो. गणपतीच्या तोंडावर घाईत उरकलेल्या कामांत हे हमखास सापडतं! उपाय फुकटचा: गाडी पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) चाकांवर उभी करा, बोल्ट ढिले करा, पुढून दाबून दोन-चारदा हलवा, मग मॅन्युअलमधल्या आकड्याइतका टॉर्क देऊन (तेवढ्याच जोराने) आवळा. अलाइनमेंट त्यानंतर.

वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परतत नसेल, तर एकाने ते फिरवायचं आणि दुसऱ्याने शॉकअपच्या स्प्रिंगला बाहेरून तळवा लावायचा. बोटं वेटोळ्यांत नकोत. स्प्रिंग अडून 'टण्' करत सुटली, तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग खराब आहे किंवा चुकीचं बसलंय. स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं लागलं, तर कॉलमखालचा (स्टिअरिंगच्या दांड्याखालचा) युनिव्हर्सल जॉइंट बघा. वेंगुर्ला-मालवणसारख्या खाऱ्या हवेत तो गंजून धरतो.

गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं राहतं, ही 'टो'ची, म्हणजे पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत त्याची गोष्ट. जुने आटे मोजून टाय रॉड एंड बसवला तरी अलाइनमेंट लागतंच, आणि ते स्टिअरिंग मधोमध बांधूनच करायचं.

स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) उतरवलेला असताना कुणी स्टिअरिंग गरागरा फिरवलं असेल तर क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमागची गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते: हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. आणि स्टिअरिंग हललं तरी चाकं उशिरा हलत असतील, तर कॉलमचा पिंच बोल्ट (जोड आवळून धरणारा बोल्ट) ढिला असू शकतो. तो तपासल्याशिवाय गाडी कशेडी घाटातच काय, गल्लीतही काढू नका.