एक जूनची माणसं

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक फळा आहे. मुळात तो पाणी कधी येणार नाही हे कळवायला टांगलेला. आप्पा निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी त्या फळ्याचा वरचा निम्मा भाग ताब्यात घेतला. रोज सकाळी सहाला खडू घेऊन खाली जातात, वार, तिथी, तारीख घालतात आणि खाली 'आजचा दिनविशेष' लिहितात. जिल्हा परिषदेच्या शाळेत सदतीस वर्षं परिपाठाआधी हेच केलेलं, हात गप्प बसत नाही. हल्ली टँकरची सूचनाही तेच लिहितात. ती सुविचारासारखी दिसते.

या उद्योगाला माल पुरवणारी एक जाड वही आहे. तारखेला एक पान, अशी ३६६ पानं, वर्तमानपत्रांची कात्रणं खळीनं चिकटवलेली. २९ फेब्रुवारीच्या पानावर मोरारजी देसाई एकटेच बसलेत. फळ्याचे नियम कडक आहेत. आधी जयंत्या, मग पुण्यतिथ्या, जागा उरली तर परदेशी मंडळी, आणि खूनखराबा अजिबात नाही. "पोरं वाचतात," असं आप्पांचं म्हणणं. त्यामुळे १ जून २००१ ची नेपाळच्या राजवाड्यातली ती रात्र, जिच्यात राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरातली आणखी माणसं गोळ्यांना बळी पडली, वहीत आहे पण फळ्यावर कधी येत नाही.

गंमत म्हणजे एक जूनचं पान आप्पांनी नोकरीत असताना एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार? मे महिन्याची सुट्टी. शाळा उघडायची जूनच्या मध्यावर, तोवर फळ्यावर उन्हाळ्याआधीचा शेवटचा दिनविशेष धूळ खात पडलेला. सदतीस वर्षांत साठलेलं ते पान त्यांना पहिल्यांदा फळ्यावर उतरवायला मिळालं ते आमच्या जिन्याखाली. त्या दिवशी पाण्याच्या सूचनेला जागाच उरली नाही.

पान आहेच तसं भरगच्च. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी. चार वर्षांनी कंपनी पुण्याला आली आणि जिथं तिचा स्टुडिओ होता तिथं आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याच दिवशी, त्याच साली नर्गिस जन्मली. इकडे सिनेमाची कंपनी जन्माला येते, तिकडे सिनेमाची नायिका, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. आप्पांना अशा जोड्या फार आवडतात. मर्लिन मन्रोही एक जूनचीच, १९२६ ची, पण तिला जागा 'उरली तर' मिळते, आणि आजवर उरलेली नाही.

मग गाड्या. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन मुंबई-पुणे धावू लागली. सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारची, आणि तीही पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी. तिसरा वर्ग तिला १९५५ मध्ये जोडला गेला. तिचे पासधारक दर एक जूनला पुणे स्टेशनावर केक कापतात, इंजिनाला हार घालतात. रेल्वेला वाढदिवस असतो आणि तो माणसं स्वतःच्या खर्चानं साजरा करतात, यात मला मुंबई-पुण्याच्या उतारूंचा सगळा स्वभाव दिसतो.

अठरा वर्षांनी त्याच तारखेला, १ जून १९४८ ला, पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये एसटीची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दिनविशेषात राजे सापडतात, कवी सापडतात, पुढारी तर ढिगानं सापडतात. कंडक्टरचं नाव सापडणं दुर्मीळ. आप्पा ही दोन नावं रंगीत खडूनं लिहितात. डेक्कन क्वीनला पांढरा खडू.

पुण्यतिथ्यांत गो. नी. दांडेकर आहेत. १९९८ चा एक जून. गड-किल्ले पायांनी वाचलेला माणूस, गड हिरवे व्हायच्या तोंडावर गेला. हेलन केलर १९६८ ला, नीलम संजीव रेड्डी १९९६ ला. रेड्डींच्या पुढे आप्पा कंसात 'बिनविरोध निवडून आलेले राष्ट्रपती' एवढंच लिहितात. ग्रामपंचायतीचं राजकारण जवळून पाहिलेल्या माणसाला त्यांच्यातलं तेवढंच नवल वाटत असावं.

तर असा तो फळा पुरा करून आप्पा मागे सरून अक्षर न्याहाळत होते, तेव्हा वॉचमन म्हणाला, "काका, माझापण आजच असतो."

"काय?"

"हॅपी बर्थडे."

मागून दूध घेऊन येणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका थांबले. हे एसटीतूनच कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माझाही. एसटीचा आणि माझा एकाच दिवशी. फरक एवढाच की तिची तारीख खरी आहे." मग तळमजल्यावरच्या मावशी निघाल्या, त्यांचे दीर निघाले, ते दोघं शेजारच्या इमारतीतल्या कुणाला तरी हाक मारायला लागले. माझ्या मोबाइलवर त्या सकाळी फेसबुक एकामागून एक वाढदिवस सांगत होतं, आणि त्यातला एकही माणूस चाळिशीच्या आतला नव्हता.

हे सगळे एक जूनचे लोक. महाराष्ट्रात यांची मोठी जमात आहे आणि ती कुठल्याही रुग्णालयात जन्मलेली नाही. ती शाळेच्या कचेरीत, दाखलखारीज रजिस्टरवर, टाकाच्या नाहीतर बॉलपेनच्या टोकातून जन्मली. पोराला पहिलीत घालायचं तर सहा पुरी पाहिजेत. आई सांगणार, "पटकीची साथ आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, तिसरा सोमवार होता." गुरुजी पंचांग कुठं धुंडाळत बसणार? पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की सहा पुरी. मग ज्या महिन्यात शाळा उघडते त्याची पहिली तारीख, त्यातून सहा वर्षं वजा, आणि झालं. अंकी लिहायची, अक्षरीही लिहायची. एकदा अक्षरी लिहिलं की ब्रह्मदेवालाही खाडाखोड करता येत नाही.

आप्पा भोर तालुक्यातले. त्यांच्या दाखल्यावर आहे 'एक जून एकोणीसशे एकसष्ट'. आजीला मात्र हे कधीच मान्य नव्हतं. तिचा पुरावा पक्का होता. "पानशेत फुटलं तवा ह्यो पोटात व्हता." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे धरण फुटलं तेव्हा आप्पा एक्केचाळीस दिवसांचे होते आणि आजीप्रमाणे ते जगात आलेलेच नव्हते. पुढे ते आले पोळ्याला. त्या वर्षी अधिक महिना होता, सण लांबले होते, पोळा पडला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आजी सदुसष्ट साली त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन गेली आणि तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की पोळ्याला सहा भरतील. गुरुजी म्हणाले, पोळ्यापर्यंत शाळा थांबत नाही.

आजीनं तारीख धुडकावली आणि तिथी पाळली. वाढदिवस पोळ्यालाच. त्या दिवशी बैलांची शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळीचा घास द्यायचा, आणि त्याच ताटात, त्याच निरांजनानं मग आप्पांना ओवाळायचं. क्रम ठरलेला. आधी बैल.

मी एकदा आप्पांना विचारलं होतं, "तुम्ही स्वतः मास्तर झाल्यावर काय केलंत?" ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "एक जूनच लिहिला." किती जणांना? त्यांनी मोजलं नाही. पाड्यावरची, ऊसतोडीला जाऊन आलेली, धनगरांची पोरं. "कधी कधी सालसुद्धा मीच ठरवलं, तोंड बघून." जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा, पण तो डोंगरापलीकडच्या वाडीत पोहोचायला त्याला आपल्या सवडीनं चालत यावं लागलं. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या पोरांना शाळाप्रवेशापासून सगळ्याला जन्मदाखलाच लागणार. एक जूनवाल्यांची ही शेवटची पिढी समजायची.

ही पद्धत फक्त पोरांना लावलेली नाही, हे मला अलीकडे ध्यानात आलं. हवामान खात्यानं पावसाचं नावही शाळेत असंच घातलंय. मोसमी पाऊस केरळात येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून, हंगामाचा हिशेब १ जून ते ३० सप्टेंबर. २०२५ मध्ये तो २४ मेलाच केरळात उतरला आणि २६ मेला मुंबईत येऊन धडकला. रस्ते तुंबले, आंब्याच्या पेट्या भिजल्या. तरी ३१ मेपर्यंत पडलेला थेंब न् थेंब हिशेबात 'मोसमपूर्व'. पाऊस समोर ओतत होता आणि कागद म्हणत होता, अजून जन्माला यायचा आहेस. आप्पांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते पोट धरून हसले.

एक जूनवाल्यांना या तारखेची किंमत मोजावी लागते ती नोकरीच्या शेवटी. नियम असा, की अठ्ठावन्न ज्या महिन्यात भरतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याचा शेवटचा दिवस. दोन जूनचा माणूस ३० जूनपर्यंत पगार घेतो, एक जूनचा ३१ मेला घरी. गुरुजींनी एका टिंबानं तारीख पुढे सरकवली असती तर महिन्याचा पगार वाढला असता. आणि पोळा धरला असता तर चार महिन्यांचा. आप्पांनी हा हिशेब मला कधी सांगितला नाही. वहीत मात्र आहे, एक जूनच्या पानाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं.

३१ मे २०१९ ला त्यांचा निरोपसमारंभ झाला. शाळेला सुट्टी, पोरं नाहीत, त्यामुळे कार्यक्रम पंचायत समितीच्या सभागृहात ठेवलेला. सदतीस वर्षं पोरांत काढलेला माणूस एकही पोर समोर नसताना निवृत्त होत होता. आणि एकटा नव्हे. व्यासपीठावर सात खुर्च्या, सात शाली, सात नारळ, सगळेच एक जूनचे. साहेब भाषणाला उठले. एकच भाषण सातांना पुरवायचं असल्यामुळे ते मोघम बोलत होते, तालुक्याच्या शैक्षणिक जडणघडणीबद्दल वगैरे. आजीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिला ऐकायला कमी येत असे, पण नेमकं हवं ते येत असे.

साहेब म्हणाले, "आज वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून..."

"कुठं अजून?" आजी मोठ्यानं म्हणाली. "पोळ्याला भरतील."