बोर्ड २०२५, नोंद चौदावी : कॅम्पबेलचे हात आणि माझी ३३ इंचांची रेघ

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तेव्हा, चौथ्या नंबरवर आपल्या पेट्रियट्सनी मिझुरी विद्यापीठाच्या टॅकल (ब्लॉकरांच्या फळीच्या टोकाचा खेळाडू) अर्मांड मेंबूला घ्यावं आणि एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) विल कॅम्पबेलला गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा ब्लॉकर) समजूनच बोर्डवर, म्हणजे माझ्या पसंतीक्रमाच्या यादीत, ठेवावं. ते आज मागे घेते आहे. २४ एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टला नऊ दिवस उरलेत, आणि गेल्या आठवड्यात खेळाडूंचा क्रम लावणाऱ्या माझ्या स्प्रेडशीटने एकाच माणसाला दोन जागा दिल्या. कंबाइनचं (लीगने सगळ्यांची एकत्र घेतलेल्या चाचणीचं) माप घातलं की कॅम्पबेल सोळावा. प्रो डेचं (कॉलेजने स्वतःकडे घेतलेल्या चाचणीचं) घातलं की तिसरा. माणूस तोच, फिल्म तीच, डाव्या टॅकलवर सुरुवात केलेले ३८ सामनेही तेच. बदलली फक्त हाताची लांबी: इंडियानापोलिसला ३२ ५/८ इंच, बॅटन रूजला ३३. फरक इंचाच्या तीन अष्टमांशांचा, म्हणजे एका सेंटिमीटरहूनही कमी.

एवढ्याशा फरकाने माणूस तेरा जागा वरखाली होत असेल तर घोळ माझ्या शीटमध्येच आहे, हे कळायला दोन मिनिटं लागली. नेमका कुठे आहे हे शोधायला सहा रात्री गेल्या.

३३ चा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. टॅकलचा हात ३३ च्या खाली गेला की त्याच्या पास-ब्लॉकिंगच्या (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवण्याच्या) गुणांना मी सरळ ०.७ ने गुणते. मागचा विचार साधा होता. समोरच्या एजचा, म्हणजे टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या बचावपटूचा, हात लांब असेल तर त्याचा तळवा आधी टॅकलच्या छातीवर येतो, आणि एकदा तो आला की टॅकलला मागे रेटला जाण्यावाचून गत्यंतर नसतं. विचारात चूक नाही. ३३ ही रेघ मात्र मी कुठून आणली, हे मला सात वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सगळे म्हणतात म्हणून ती तिथे होती.

पहिला संशय आकड्यांच्या नोंदीवर गेला, आणि तिथे खरंच एक जुनी चूक सापडली. स्काउट मंडळी मापं चार आकड्यांत लिहितात, हे आपल्याला माहीत आहे. कॅम्पबेलचा हात ३२५८, मेंबूचा ३३४८. शेवटचे दोन आकडे म्हणजे अपूर्णांक: पाच अष्टमांश, चार अष्टमांश. माझं सूत्र त्यांना दशांश समजून वाचत होतं. ३२५८ म्हणजे ३२.५८, जिथे खरं माप ३२.६२५ आहे. मेंबूचं ३३.४८ होत होतं, खरं ३३.५. सात अष्टमांशवाल्यांवर सगळ्यात मोठा अन्याय, त्यांचा जवळजवळ इंचाचा दहावा भाग खाल्ला जात होता. उंचीच्या रकान्यातही तेच. २००६ पासूनची सगळी मापं मी पुन्हा बसवली. अपूर्णांक थेट टाइप करायला गेलं की शीट ५/८ ची तारीख करून टाकते, म्हणून आधी पूर्ण रकाना साध्या मजकुरात बदलायचा आणि मग इंच आणि अष्टमांश वेगळे काढायचे. ज्यांनी माझी शीट उतरवून घेतली आहे त्यांनी हा बदल आजच करा. रात्री दीड वाजता तो रकाना स्वच्छ झालेला पाहिला तेव्हा इतकं बरं वाटलं की नवऱ्याला उठवून दाखवला.

कॅम्पबेल तरी सोळावाच राहिला. ३२.५८ काय आणि ३२.६२५ काय, दोन्ही रेघेच्या खालीच.

त्यात मी ज्यांच्याकडून वर्गणी भरून आकडे घेते त्यांनी आणखी भर घातली. प्रो डेचं माप आलं की ते कंबाइनच्या मापावर चढवतात, जुनं पुसून टाकतात आणि कुठलं माप कुठलं याची खूणसुद्धा ठेवत नाहीत. शिवाय सगळं एका दशांशावर गोल करतात. पैसे घेऊन आकडे देणाऱ्याने असं करू नये. पुढच्या वर्षी त्यांची वर्गणी भरणार नाही. दोन्ही मापं वेगवेगळ्या रकान्यांत मी हातानेच लिहीन.

मग शनिवारी गाडी रुळावर आली, ती आईमुळे. आई सध्या आमच्याकडे मॅसॅच्युसेट्सला आली आहे. तिने तीस वर्षं नाशिकला ब्लाउज शिवले, त्यामुळे टेप हातात घेतलेली बाई म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून उभं केलं आणि कंबाइनला घेतात तसा त्याचा हात मोजायला लागले: खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पहिल्यांदा ३० १/४, दुसऱ्यांदा ३० ५/८, तिसऱ्यांदा ३० ३/८. आई भाजी निवडता निवडता बघत होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "अगं, हाड कुठे संपतं ते बोटाने चाचपून आधी खूण कर. आणि अहो, तुम्ही खांदा सैल सोडा, श्वास रोखून उभे राहू नका." तिने पेनाने खूण केली, टेप तिथे अंगठ्याने दाबली आणि पाच वेळा मोजलं. पाचही वेळा ३० ३/८ आणि ३० १/२ च्या मधे. मग तिने त्यांना मुद्दाम खांदा पुढे ढकलायला सांगितलं, तर टेप अर्धा इंच सरकली.

म्हणजे नीट मोजणाऱ्याच्या हातून अष्टमांश इंच इकडेतिकडे होतो, आणि खांद्याच्या ठेवणीने अर्धा इंचही होऊ शकतो. ३२ ५/८ आणि ३३, दोन्ही मापं प्रामाणिक असू शकतात. खरा हात बहुधा मधे कुठेतरी, ३२ ३/४ च्या आसपास असेल. माझी रेघ मात्र या दोहोंच्या मधून गेली होती आणि टेपच्या सरकण्यावर एका पोराचं भवितव्य ठरवत होती. (कापडी टेप वापरू नका. माझी जुनी टेप स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिली तर तीस इंचांत पाव इंच ताणली गेली होती.)

रविवारी रेघ काढून टाकली आणि तिथे उतार केला. ३२ च्या खाली गुण ०.७ ने गुणायचे, ३४ च्या वर पूर्ण ठेवायचे, आणि मधे हळूहळू चढत जायचं. दोन मापं असतील तर सरासरी घ्यायची, पण कंबाइनला दुप्पट वजन द्यायचं, कारण तिथे सगळ्यांना एकाच पद्धतीने मोजतात. आता कॅम्पबेलचं कुठलंही माप घाला, तो सहावा ते आठवा यांच्यामधेच राहतो. मेंबू पाचवा. शीट पहिल्यांदाच माणसासारखी बोलायला लागली.

तेवढ्यात विंगस्पॅनच्या रकान्याने पुन्हा घात केला. कॅम्पबेलचा विंगस्पॅन ७७ ३/८ इंच. पहिल्या फेरीच्या टॅकलसाठी फारच कमी. तो रकाना चालू केला की कॅम्पबेल परत बाराव्यावर. मी जवळजवळ हार मानली होती. मग कागदावर चित्र काढलं: विंगस्पॅन म्हणजे दोन हात आणि मधली छाती. हाताचा गुण एकदा कापल्यावर विंगस्पॅनसाठी पुन्हा कापणं म्हणजे एकाच आखूडपणाची शिक्षा दोनदा देणं. आता हात वजा केल्यावर जे उरतं, म्हणजे छाती-खांद्यांची रुंदी, तेवढंच मी वेगळं धरते. त्यातही तो अरुंदच निघतो आणि त्याचे थोडे गुण जातात, ते जायलाच हवेत. सहावा.

इथे थांबता आलं असतं. पण आखूड हातांच्या जुन्या टॅकलांची यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरली. २०२३ चा पीटर स्कोरॉन्स्की, ३२ १/४: नॉर्थवेस्टर्नला डावा टॅकल, टायटन्सनी अकराव्या नंबरवर घेतला आणि गार्डवर बसवला. २०१४ चा झॅक मार्टिन, ३२ ७/८: नोटर डेमला डावा टॅकल, सोळाव्या नंबरवर काउबॉइजकडे, पहिल्या दिवसापासून गार्ड, आणि आता निवृत्त होताना त्या जागेवरच्या थोरांपैकी एक. (मार्टिनचे कॉलेजचे कोच ब्रायन केली. कॅम्पबेलचेही तेच.) माझी शीट या दोघांना "टॅकल म्हणून टिकला नाही" असं मोजत होती. पण त्यांना टॅकलवर ठेवून पाहिलं कुणी? टेप बघून संघांनी आधीच आत सरकवलं, आणि मी त्या निर्णयालाच पुरावा समजून बसले.

ज्यांना बाहेर, टॅकलवरच ठेवलं ते थोडे आहेत, पण त्यात जो थॉमस आहे. ३२ १/२ इंच. २००७ ला तिसऱ्या नंबरवर क्लीव्हलँडने घेतला, सलग १०,३६३ स्नॅप (डाव) खेळला, २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०२१ चा रशॉन स्लेटर, बरोबर ३३: तेराव्या नंबरवर चार्जर्सकडे, आणि पहिल्याच वर्षी डावीकडून प्रो बाउल (निवडक खेळाडूंचा सामना). दोन माणसांवरून नियम होत नाही, हे मान्य. पण ज्या नियमाने मी थॉमसला पहिल्या वीसाबाहेर टाकलं असतं, त्यावर इतकी वर्षं मी बोर्ड बांधत होते, याचा मला मनापासून खेद आहे. "आत सरकवलेले" असा वेगळा रकाना केला आणि त्या सगळ्यांना अपयशाच्या हिशोबातून बाहेर काढलं.

तरी आकडे हा अर्धाच भाग. सोमवारी रात्री दोघांची फिल्म पुन्हा लावली. मेंबू ३३२ पौंडांचा, चाळीस यार्ड ४.९१ सेकंदांत, बेंच प्रेसवर वजन ३१ वेळा उचललं. धावण्याच्या खेळात तो दुसऱ्या फळीवर पोचतो तेव्हा लाइनबॅकरला पळायला जागा उरत नाही. मला तो अजूनही प्रचंड आवडतो. पण मिझुरीत तो उजवीकडे खेळला, आणि आपल्याकडे उजवीकडे आता मॉर्गन मोझेस आहे. मोकळी आहे ती डावी बाजू, आपला क्वार्टरबॅक ड्रेक मे याच्या पाठीकडची. गेल्या मोसमात मे ३४ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच खाली पाडला गेला. नवखा क्वार्टरबॅक, संघाचे १३ पराभव, आणि प्रत्येक वेळी तो उठून हेल्मेट सरळ करताना बघवत नव्हतं. त्या जागेवर मला असा माणूस हवा ज्याला पायांची उलटी ठेवण पहिल्यापासून शिकायची नाही.

कॅम्पबेल २०२२ पासून, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून डावीकडेच आहे. एलएसयूला गेल्या वर्षी क्वार्टरबॅक नुसमायरने चार हजार यार्डांहून जास्त पास फेकले, म्हणजे पास-ब्लॉकिंगचे शेकडो स्नॅप. या वेळी मी त्याचे फक्त हात बघितले. तो दोन्ही हात एकदम टाकत नाही. आधी बाहेरचा हात अर्धा दाखवतो, एज तो झटकायला जातो, आणि मग आतला हात बरगडीखाली बसतो. लांब हाताचा एज पहिला भिडला की त्याची छाती उघडी पडते, हेही दिसतं, आणि वरच्या पातळीवर ते जास्त वेळा होईल. पण तो मागे रेटला गेल्यावर नितंब खाली घेऊन दुसऱ्या पावलाला रुततो. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं ब्लॉकरांचं कडं) वाकतं, मोडत नाही.

हे लिहीत असतानाच एक नवीन विचार आला, तो सोडवत नाही. सेंट्स संघाकडे ९ आणि ४० हे नंबर आहेत; आपला चार देऊन ते दोन घ्यायचे. प्रत्येक नंबरची किंमत गुणांत सांगणाऱ्या जिमी जॉन्सनच्या तक्त्यात ९ चे १३५० आणि ४० चे ५००, मिळून १८५०. आपल्या चारचे १८००. सेंट्सना कुणासाठी वर यायचं असेल तर हिशोब जवळजवळ चोख बसतो. नवव्यावर कॅम्पबेल किंवा मेंबू उरला तर उत्तम. दोघेही गेले तर टेक्ससचा केल्विन बँक्स आहे: तीन वर्षं डावीकडे, हात ३३ १/२, आउटलंड आणि लोम्बार्डी हे दोन्ही पुरस्कार. शिवाय आपला मूळचा ३८ आणि नवा ४० असे दोन नंबर दुसऱ्या फेरीत जवळजवळ लागोपाठ, त्यातून एक रिसीव्हर (पास झेलणारा). मी बँक्सकडे या वर्षी पुरेसं लक्ष दिलं नाही. आज रात्रीपासून त्याची फिल्म. ज्या मोफत सिम्युलेटरवर आपण सगळे मॉक (लुटुपुटूचा ड्राफ्ट) खेळतो तिथे या अदलाबदलीला दहापैकी दहा वेळा होकार मिळतो, पण त्या सिम्युलेटरवर माझा काडीचा विश्वास नाही. तिथे एका पंटरच्या (चेंडू लाथेने लांब मारणाऱ्याच्या) बदल्यात पहिल्या फेरीचा नंबर मिळतो.

या ड्राफ्टमधल्या वरच्या नावांपैकी ट्रॅव्हिस हंटर किंवा अब्दुल कार्टर चारपर्यंत घसरला तर हा सगळा वाद बंद, त्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन पळत जायचं. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) अॅश्टन जेंटीसाठी ज्यांनी मला पत्रं लिहिली त्यांना एवढंच सांगते की २,६०१ यार्ड मलाही पाठ आहेत, पण मे आडवा असताना रनिंग बॅक चौथ्या नंबरवर मी घेणार नाही.

तर आजचा बोर्ड: चारवर थांबायचं असेल तर कॅम्पबेल, डावा टॅकल म्हणून. शीटमध्ये मेंबू अजून एका जागेने वर आहे, कारण "बाजू बदलण्याचा खर्च" असा रकाना मी अजून केलेला नाही. तो केला की काय होतं ते रविवारच्या नोंदीत. त्यासाठी मला उजवीकडून डावीकडे नेलेल्या टॅकलांची यादी हवी आहे: कोणत्या वर्षी नेलं आणि पहिल्या सोळा-सतरा सामन्यांत किती सॅक दिले. ट्रिस्टन वर्फ्स माझ्याकडे आहे. बाकीचे कुणाकडे लिहून ठेवलेले असतील तर पाठवा. आणि प्रो डेची मापं पाठवत असाल तर कंबाइनचं माप शेजारी असू द्या, त्याच्यावर चढवू नका.