कधी शिकार केलीत का, मॅडम?

ठाण्यात मुलांना रायफल शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. नवीन मूल बॅचला आलं की आईवडील बाकावर बसतात. फीचं, वेळेचं, परीक्षेच्या महिन्यातल्या सुट्टीचं बोलून होतं आणि मग वडील जरा पुढे सरकून विचारतात, "मॅडम, इतकी वर्षं बंदूक हातात आहे तुमच्या. कधी शिकार केलीत का?" तलावपाळीला फिरताना भेटलेले ओळखीचे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायकाही विचारतात. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते दर वेळी अर्धवट वाटतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी एकही जनावर मारलेलं नाही. पण मी शिकाऱ्याच्या घरातली आहे. रानडुकराचं मटण खाल्लेलं आहे आणि बंदुकीबद्दल जे सगळ्यांत आधी शिकले ते एका शिकाऱ्याकडूनच.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या बाजूला. वडील नोकरीसाठी ठाण्यात आले, नौपाड्यात बिऱ्हाड केलं. मोठे काका, आमचे अण्णा, गावी शेती बघायचे. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी होती, शेतीच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढलेली. त्याआधी आजोबांची ठासणीची होती. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं आणि शेवटी टोपी बसवायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या शेतात. अण्णा ठासणीवरच शिकलेले, त्यामुळे दुनळी आली तरी दोन काडतुसं भरलेली आहेत म्हणून दोन बार काढायची त्यांना कधी घाई नसे.

दसऱ्याला मी गावी असायचे. भात पिवळं पडायला लागलेलं असायचं. सकाळी बंदूक पाटावर ठेवून हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि रात्री तीच बंदूक घेऊन अण्णा शेतातल्या माळ्यावर. हट्ट करून मीही जायचे. एका रात्री बांधाच्या पलीकडे काहीतरी खसखसलं. गावातल्या ठाकरमामांनी बॅटरी मारली, तर अंधारात दोन डोळे चकाकले, हिरवट, स्थिर. "मारा अण्णा, मारा," मागून कुणीतरी कुजबुजलं. मी अण्णांच्या शेजारीच होते, त्यांचा उजवा हात मला स्वच्छ दिसत होता. बंदूक खांद्याला होती, पण बोट चापावर नव्हतं. चापाच्या कडीबाहेर, लाकडाला लागून सरळ ठेवलेलं होतं. बराच वेळ ते तसेच राहिले. मग त्यांनी बंदूक खाली घेतली. "डुकराचे डोळे असे चमकत नाहीत," एवढंच म्हणाले. बरोबरचे लोक नाराज झाले. सकाळी बांधावर वासराच्या खुरांचे ठसे होते. कुणाचं तरी दावं तोडून आलेलं.

गाय, हरीण, बिबट्या यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक पडदा असतो, डुकराला तो नसतो. हे मी फार नंतर वाचलं. अण्णांना ते शास्त्र ठाऊक नव्हतं, त्यांनी वर्षानुवर्षं रात्री जागून पाहिलेलं होतं. घरी परतताना त्यांनी मला सांगितलं, समोर काय आहे ते कळल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट आत जायचं नाही. कुठल्याही रेंजच्या भिंतीवरची नियमांची पाटी वाचा, हे दोन्ही नियम तिथे लिहिलेले सापडतील.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येण्याची वाट त्यात शिल्लक होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. अण्णांना हा कायदा शेवटपर्यंत पटला नाही. रान आमचं, नुकसान आमचं, आणि नियम करणारे मुंबई-दिल्लीत बसलेले, असं ते म्हणायचे. मला कायदा तेव्हाही पटला होता, आजही पटतो. कारण सगळेच शिकारी अण्णांसारखे नव्हते. जीपला दिवे लावून रात्री रस्त्यावरून दिसेल त्यावर बार काढणारे हौशी लोक शहरातूनच यायचे, आणि भेकर, ससे, तितर कसे दिसेनासे झाले हे गावातली म्हातारी माणसं कुणीही न विचारता सांगायची.

पण अण्णांच्या बाजूचंही एक खरं आहे. एका रात्रीत रानडुकरांचा कळप भाताचं वाफेच्या वाफे लोळवून जातो. ज्याचं वर्षाचं धान्य त्या शेतात उभं आहे, त्याला ठाण्यात बसून मी प्राणिप्रेम शिकवणार नाही. त्याला वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे, कुंपणाला मदत मिळाली पाहिजे, आणि वनखात्याकडे त्याचा अर्ज धूळ खात पडता कामा नये. हे झालं नाही की काय होतं? गावठी बॉम्ब पेरले जातात. पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालून बांधावर ठेवायचं, डुकराने चावलं की जबडा उडतो. तो गोळा गाय खाते, कुत्रं खातं, एखादं पोरही उचलतं. बंदुकीपेक्षा ते शंभरपट वाईट, कारण तिथे समोर काय आहे हे बघणारा कुणी नसतोच.

मी स्वतः रायफल हातात घेतली ती कॉलेजात, एन.सी.सी.मध्ये. पॉइंट टू टू बोअरची, जमिनीवर लेटून. सैन्यातून आलेले उस्ताद एकच घोकून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. पुढे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायला लागले. लोकलने दादर, पुढे बस. आईला वाटायचं नोकरी लागली की हे सुटेल. नोकरी लागली, लग्न झालं, आणि रेंज चालूच राहिली. माझ्या हातून मोठी पदकं झाली नाहीत. शिकवणं मात्र जमलं, आणि त्यातच मी रमले.

आता थोडं रेंजवरचं, कारण शिकारीचं विचारणाऱ्या बहुतेकांनी दहा मीटरवरचं टार्गेट कधी जवळून पाहिलेलं नसतं. एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. त्यात मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट, प्रत्येकाचे गुण दशांशात, जास्तीत जास्त १०.९. एवढ्या बारीक कामात दंडाची ताकद फारशी कामाला येत नाही. स्नायू थकतात, थरथरतात, म्हणून वजन हाडांवर घ्यायचं: डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, कंबर किंचित पुढे, दोन्ही पावलं घट्ट. श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी जी क्षणभर शांतता असते, तिच्यात चाप दाबायचा. सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर डोळा शिणतो, हात हलायला लागतो. तेव्हा रायफल खांद्यावरून उतरवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरुवात.

हे उतरवणं शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. सध्या माझ्याकडे सातवीतली एक मुलगी आहे. परवा तिने रायफल उचलली, गाल टेकवला, पाहत राहिली, आणि उतरवली. पुन्हा उचलली, पुन्हा उतरवली. बाकावर तिचे बाबा चुळबुळ करत होते. शेजारच्या मुलाचे तोवर कितीतरी शॉट झाले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "तिचं आज फार छान चाललंय." त्यांना पटलं नसावं. पण जे मूल "आत्ता नाही" असं स्वतःलाच सांगू शकतं, त्याला पुढचं सगळं शिकवता येतं. चाप ओढायला कुणीही शिकतं.

पालकांच्या रांगा पदकांप्रमाणे वाढतात. २००८ साली अभिनव बिंद्राच्या सुवर्णानंतर वाढल्या, २०२२ साली आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जगज्जेता झाला तेव्हा वाढल्या, २०२४ साली स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणलं तेव्हा पुन्हा. आनंदच आहे. ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर पनवेलला शिकवतात, त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलांना चांगल्या प्रशिक्षणासाठी लांब जावं लागत नाही. आमच्या वेळी हे नव्हतं.

पदकांबरोबर दुसरे लोकही येतात. सोसायटीतल्या कबुतरांसाठी कुठली एअरगन घेऊ? माकडं गच्चीवर येतात, घाबरवायला चालेल का? घोडबंदर रोडच्या एका इमारतीतल्या गृहस्थांनी तर फोटो पाठवून विचारलं होतं. माझं उत्तर नाही, आणि ते मी ठामपणे देते. समोरच्या इमारतीत माणसं राहतात, खिडक्या उघड्या असतात, आणि साध्या एअरगनच्या छर्‍यानेही डोळा जातो. कबुतरांना जाळी लावा. घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवावं का, असंही विचारतात. परवाना पोलीस आयुक्तालय देतं, ते त्यांचं काम. माझं मत विचाराल तर रोज सराव न करणाऱ्या माणसाच्या कपाटातलं पिस्तूल हे घरातल्या मुलांसाठीच सगळ्यांत धोक्याचं. आणि लग्नात हवेत बार काढणाऱ्यांबद्दल मला बोलायचंही नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती व्हायलाच हवी.

अण्णा गेल्यावर त्यांच्या दुनळीचं काय करायचं हा प्रश्न आला. वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा, नाहीतर हत्यार जमा करायचं. चुलत भावाला नको होती. मला विचारलं. तिच्यावर माझा जीव होता, पण शेत माझं नाही, राखण माझी नाही. जमा करायला मी बरोबर गेले. जाण्याआधी भावाने आणि मी ती साफ केली, नळीतून तेलाची चिंधी फिरवली. हवालदारांनी दोन्ही नळ्या उघडून उजेडाकडे धरल्या, रिकाम्या आहेत का पाहिलं, आणि मगच नंबर लिहून घेतला. मला ते फार बरं वाटलं.

तुमच्या मुलीला आणायचं म्हणत होतात, तर शनिवारी सकाळी घेऊन या. बूट सपाट तळव्याचे, केस बांधलेले, नाश्ता हलका. रेंजवर खाणं चालत नाही, छर्रे शिशाचे असतात, म्हणून निघताना साबणाने हात धुवायला लावीन. रायफल हातात नसेल तेव्हा नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात रंगीत दोरी हवीच, ती पहिल्याच दिवशी दाखवते. आणि पहिला महिना छर्रा मिळणार नाही, नुसतं उभं राहणं, धरणं आणि उतरवणं असेल, हे तिला घरीच सांगून ठेवा.